सहावा स्क्रू

दाजी गेल्याचा निरोप कंपनीच्या गेटवर आला, तेव्हा मी लेथवर होतो. वॉचमन आत येऊन म्हणाला, "चांदवडहून फोन होता, तुमचे दाजी..." पुढचं मशिनच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण कळलं. शाळेतून आले, चहाचा कप हातात घेतला आणि छातीत कळ आली, एवढंच झालं म्हणे. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, ते यजमान. चांदवडला मास्तर होते. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करताना राखेत पोलादाची एक पट्टी निघाली. सहा भोकांची. पाचांत स्क्रू होते, एक भोक रिकामं होतं. "एक पडला वाटतं," असं म्हणत कुणीतरी काठीनं राख उकरायला लागलं. तो तिथं सापडणार नव्हता, आणि तो मी बनवलेला होता.

दहाएक वर्षं झाली असतील. दाजी सायकलवरून शाळेत निघाले होते आणि कांद्याच्या ट्रॉलीचा धक्का लागून नडगीचे दोन तुकडे झाले. नाशिकच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी बसवायचं ठरवलं, पण एक स्क्रू कमी पडत होता आणि मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. मी लगेच पुढे झालो. "मला नमुना द्या, उद्या करून आणतो." तेव्हा हातात कला होती आणि डोक्यात थोडी मस्तीही. रविवार होता, स्टोअरला कुलूप. भंगाराच्या पेटीत एक चकचकीत तुकडा सापडला. आमच्या धंद्यात स्टेनलेस हातात आलं की आधी चुंबक लावतात. चांगल्या मालाला ते चिकटत नाही. मी लावलं. चुंबकानं तुकडा किंचित ओढला... किंचितच. मी मनाशी म्हटलं, स्टीलच आहे ना, उकळल्यावर कसला दोष राहतोय! स्क्रूचे आटे इतके सुरेख निघाले होते की डॉक्टरांनी नमुन्याशेजारी धरून पाहिला आणि "वा!" म्हणाले.

तिसऱ्या महिन्यात जखम पाझरायला लागली. दर रविवारी नाशिकच्या द्वारका चौकातून एस.टी. धरून मी चांदवडला जायचो आणि दारातून आधी पायावरच्या बँडेजकडे बघायचो, माणसाकडे मागाहून. डाग वाढलाय की तेवढाच आहे, एवढंच डोळे शोधायचे. घरात मात्र सगळे एकच शोधत होते, काय बाधलं? आक्कानं ठरवलं, वांगं. "वांगं लय बाधतं जखमेला," म्हणाली, आणि दाजींच्या जीव की प्राण असलेल्या वांग्याच्या भरताला घरात बंदी झाली. मी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, "हो, ऐकलंय मीही" असंसुद्धा म्हणालो. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते. डॉक्टर म्हणाले होते, पू हाडापर्यंत गेला तर पाय ठेवता येईल याची खात्री नाही. त्या रात्रींत मी झोपलो असेन असं वाटत नाही.

आठव्या महिन्यात पाय उघडून पाहिला. मी बाहेर बाकावर. डॉक्टर ट्रेमध्ये स्क्रू घेऊन आले. डोक्याभोवती तांबूस चट्टे होते. "बाकीचे पाच छान बसलेत. शरीरानं हा एकच ओळखला. भोवतीचं मांस काळं पडलंय. मानवला नाही म्हणा ना." मग माझ्याकडे बघून, "माल कसला होता हो?" मी म्हणालो, "चांगलाच होता." माझा आवाज मलाच परका वाटला. महिनाभरात जखम भरली, पाय वाचला. दाजींनी तो स्क्रू मागून घेतला.

पुढे एकदा त्यांना भेटायला शाळेत गेलो, तर वर्गात विज्ञानाचा तास चालला होता. एका हातात नालाच्या आकाराचं चुंबक, दुसऱ्या हातात तो स्क्रू. "हा माझ्या पायात आठ महिने होता. माझ्या मेव्हण्यानं बनवलाय!" पोरं आ वासून बघत होती. टक् करून स्क्रू चुंबकाला चिकटला. मग त्यांनी डब्यातली स्टीलची वाटी लावून दाखवली. ती चिकटली नाही. "दोन्ही चकाकतात," दाजी म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांचं दाराकडे लक्ष गेलं. "ये रे शंकर." बस्स. त्यांना कळलंय की नाही, या एका प्रश्नानं पुढची सगळी वर्षं मला पोखरलं. गेल्या दिवाळीला, शेवटच्या भेटीत, त्यांनी सहज विचारलं, "आता माल आला की तपासता का रे तुम्ही?" मी "तपासतो की" म्हणालो आणि कांद्याचा विषय काढला. खरं सांगायला दार उघडं ठेवून ते थांबले होते, आणि मी बाजूनं निघून गेलो.

परवा आक्कानं त्यांचा खडूचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत चुंबक, आणि त्याला चिकटलेला स्क्रू. "हा तुला द्यायचा होता त्यांना. मी म्हणायची, मग देऊन टाका की. तर म्हणायचे, त्याला काहीतरी सांगायचंय मला, तो सांगेल तेव्हा देईन." मग मात्र मला राहवेना. तिथंच, ओट्याजवळ बसून, तिला सगळं सांगितलं. रविवार, भंगाराची पेटी, किंचित ओढलेलं चुंबक, डॉक्टरांशी बोललेलं खोटं. वाटलं, ही आता मला घराबाहेर काढील.

"म्हणजे वांगं नव्हतं बाधलं..."

"नाही, आक्का."

"त्यांना ठाऊक होतं?"

"असावं."

"जखम भरल्यावरबी मी धास्तीनं कधी भरीत केलं नाय. दहा वर्षं. एकदा म्हणाले नाहीत रे, आता कर म्हणून." तिनं पदर तोंडाला लावला. "कर म्हणाले असते, तर मी विचारलं असतं ना, मग बाधलं काय होतं..."

डबा आता माझ्या लेथशेजारी आहे. नवा माल आला की त्यातलं चुंबक काढून लावतो. त्यासाठी आधी तो स्क्रू सोडवावा लागतो, आणि काम झालं की मी तो पुन्हा तिथंच चिकटवून ठेवतो.