श्रावणातलं कुटार

श्रावणात आमच्याकडे कोणी गुरांना कुटार घालत नाही. मळणीनंतर उरलेलं तुरीचं, सोयाबीनचं ते सुकं कुटार उन्हाळ्यासाठी गोठ्यात भरून ठेवायचं आणि पावसाळाभर धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं, हिरवं गवत कापायचं. शेजारच्या काकूंच्या गायीच्या खुराला जखम झाली होती, आणि काकूंच्या गुडघ्यांना चिखल तुडवणं जमत नव्हतं. म्हणून त्यांनी गाय महिनाभर बांधून कुटारावरच ठेवली. मी थट्टा करायची, "काकू, गायले सासुरवास काहून करता?"

अशात मोबाइलवर निरोप फिरला: दूर कुठेतरी अणुभट्टी फुटली, विषारी धूळ वाऱ्याबरोबर येते आहे. माझी नात दीड वर्षाची, आमच्याच गायीच्या दुधावर वाढलेली. मी धावत गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "खरं-खोटं कळेपर्यंत गाय छपराखाली बांधा, विहीर झाका, उघड्यावरचं काही खाऊ घालू नका."

मी विहिरीवर ताडपत्री ओढली, गोठ्याच्या खिडक्यांत पोती कोंबली. मग विळा घेतला आणि धुऱ्यावरून भाराभर गवत कापून आणून गायीपुढे टाकलं. कुटार आहे, हे मनातसुद्धा आलं नाही. श्रावणात कुटाराला हात लावायचा नसतो, एवढंच हाताला माहीत.

संध्याकाळी डॉक्टरांनी गोठ्यात डोकावून कपाळावर हात मारला. "वहिनी, धूळ आली असन तं ह्या गवतावरच पडली असन नं! तेच गायीच्या पोटातून दुधात उतरते, अन् लेकराले जास्त बाधते. आता हे दूध पोरीले देऊ नका."

मला स्वतःचा असा राग आला की तो मी नवऱ्यावर काढला. पावडरचं दूध नातीनं थुंकून टाकलं. ती भुकेनं रडून राहिली होती, आणि दारात काकू उभ्या, हातात तांब्या.

"माह्या गायीनं महिनाभर हिरवी काडी नाही खाल्ली. दे पोरीले."

तीन दिवस तो तांब्या येत राहिला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, बातमी साफ खोटी होती. मी ताडपत्री काढली, गाय सोडली आणि तांब्यात गूळ घालून काकूंकडे गेले. काका ओट्यावर कोरा चहा पीत होते. दुधाच्या चहाशिवाय ज्यांची सकाळ होत नाही, असे काका.

"कोरा काहून, काका?"

"तीन दिवसात सवय झाली बा," ते हसले.

तेव्हा कळलं, कुटारावरची ती गाय दिवसाला तेवढाच तांब्याभर देत होती. मी तिथंच पायरीवर बसून रडले. इतकं मोठं देणं इतक्या गुपचूप मला कधी कोणी दिलं नव्हतं.

उन्हाळ्यात त्यांचं कुटार आधी संपलं. मी आमचं डोक्यावर नेऊन त्यांच्या गोठ्यात ओतलं.

"कायले आणलं वं?" काकू म्हणाल्या.

नात पदर धरून मागे उभी होती, मी तिलाच पुढे केलं.