दातांच्या बाईंची गाडी

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. पण बाईंचं घर, मुलीचं शिक्षण, वरच्या मजल्याचं छप्पर, सगळं दातांवरच उभं राहिलं होतं. बाई कवळ्या बनवायच्या. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे आणि ते माप बाईंच्या घरामागच्या खोलीत यायचं. तिथं प्लास्टरचा साचा व्हायचा, साच्यावर मेण चढायचं आणि मेणात एकेक दात जागेवर बसायचा. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू बाईंच्या हातचं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांनी बाईंना कधी पाहिलंही नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, ते त्यांना 'दातांच्या बाई' म्हणायचे.

तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायचं कामही त्यांचंच. ते वर्षानुवर्षं बसनं चाललं. मांडीवर डबा, डब्यात कापसावर कवळ्या. बस खड्ड्यात आदळली की बाई डबा पोटाशी धरायच्या. एकदा शेजारी बसलेल्या गृहस्थानं चौकशी केली, "एवढं जपून काय नेताय?"

"दात," बाई म्हणाल्या.

"कुणाचे?"

"आज चौघांचे आहेत."

गृहस्थ पुढच्याच स्टॉपला उतरले.

पण एका दुपारी उतरता उतरता दारात धक्का बसला, डबा उघडला आणि एक वरची कवळी घरंगळत जाऊन कंडक्टरच्या बुटापाशी थांबली. कंडक्टरनं ती उचलली, आधी कवळीकडे पाहिलं आणि मग बाईंच्या तोंडाकडे. त्याच संध्याकाळी बाईंनी घरात सांगून टाकलं, "मी गाडी शिकणार. आणि शिकले की घेणार."

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते गणिताचे शिक्षक, आता निवृत्त. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. "या वयात?" ते म्हणाले.

"गिअर हातानं टाकायचा असतो. वयानं नाही."

खरा विरोध झाला तो ताईचा. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन. वॉर्डच्या टोकाला तिच्या बुटांचा आवाज आला की नर्सेस चादरी सारख्या करायच्या आणि तरुण डॉक्टर शर्टाची बटणं तपासायचे. ती एकटी राहायची, कुणाचं ऐकायची नाही आणि धाकटीला अजूनही 'छोटे' म्हणायची. ती म्हणाली, "छोटे, रस्ता ओलांडताना तू अजून माझा हात धरतेस. तू गाडी काय चालवणार? हात दाखवून अवलक्षण."

आपलेच दात, आपलेच ओठ. पण शिकायचं बाईंनी सोडलं नाही. पहिल्या परीक्षेत गाडी मागे घेताना खांबाला लागली, दुसऱ्या खेपेला नाही लागली, आणि लायसन हातात आलं.

गाडी आली ती अगदी लहान, चार दारांची, गोल नाकाची. मास्तरांना तिचा रंग क्रीम वाटला. बाईंनी बॉनेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "साठीच्या माणसाचा पुढचा दात असा असतो. माझ्या तक्त्यात ही छटा आहे." आणि खरंच आतून तक्ता आणून त्यांनी दाराला लावून दाखवला. तंतोतंत जुळला.

गाडीबरोबर जाडजूड पुस्तक मिळालं होतं. मास्तरांनी ते ताब्यात घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली, कारण कुठलंही पुस्तक मधूनच उघडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. बाईंना पुस्तकाचा धीर नव्हता. केसाएवढा उंचवटा बोटानं ओळखून घासायची त्यांना सवय. गाडीही त्यांनी तशीच वाचली. आंघोळ करून चहा झाला की त्या गाडीत जाऊन बसायच्या आणि चाचपत राहायच्या.

गाडीही होती हत्तीसारखी. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे. शेजारच्या सीटची गादी पुढून उचलली तर खाली चक्क खोल कप्पा निघाला. कवळ्यांचा डबा त्यात असा बसला, जणू माप देऊनच करून घेतला असावा. तोवर डबा सीटवर असायचा आणि गाडी त्याला माणूस समजून पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून टिणटिण करायची. आठवडाभर बाईंनी डब्याला पट्टा बांधून नेलं होतं. पेट्रोलच्या काट्याशेजारी एक इवलासा बाण होता. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते तो सांगायचा. पुढचे वायपर चालू असताना गाडी मागे घेतली की मागचा वायपर न सांगता कामाला लागायचा. मास्तर तो बघायला छत्री घेऊन मागे उभे राहिले आणि भिजून आत आले.

काही खोडीही होत्या. कुलूप लावल्यावर दिवे थोडा वेळ तसेच राहायचे. मास्तर पहिल्या दिवशी परत परत बाहेर जाऊन आले. "दिवे विसरलीस."

"विसरले नाही हो. आपण दारापर्यंत पोचेपर्यंत ती उजेड धरते."

मास्तरांनी पुस्तकात पाहिलं. ते अजून लहान मुलांच्या आसनांच्या प्रकरणात होते.

आणखी एक खोड मोठी होती. सिग्नलला गिअर काढून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद व्हायचं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा बाईंना वाटलं गाडी बिघडली, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. मग कळलं की क्लच नुसता दाबला की ती मुकाट्यानं पुन्हा सुरू होते. पेट्रोल वाचवायची तिची रीत होती ती. "काटकसरी आहे," बाई सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या. दवाखान्यांतल्या नर्सेसना, कोपऱ्यावरच्या शिंप्याला, ज्याला म्हणून ऐकायला वेळ असेल त्याला त्या गाडीचा नवा गुण सांगायच्या, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

ताई मात्र अजून एकदाही गाडीत बसली नव्हती. "बघू कधीतरी," म्हणायची आणि बसनं जायची.

ताईची निवृत्ती जवळ आली होती. हॉस्पिटलच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम ठरला होता, जुन्या नर्सेस बाहेरगावाहून येणार होत्या. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात ताई स्वतःच्या न्हाणीघरात घसरली. जन्मभर दुसऱ्यांना 'फरशी ओली आहे, जपून' सांगणारी मेट्रन. मांडीपासून टाचेपर्यंत पाय प्लास्टरमध्ये गेला, लाकडाच्या ओंडक्यासारखा सरळ. बाईंनी तिला आपल्या घरी आणलं आणि खालच्या खोलीत तिची व्यवस्था केली.

हॉस्पिटलनं कळवलं की कार्यक्रमाला अॅम्ब्युलन्स पाठवतो. ताईनं फोनवरच सांगितलं, "अॅम्ब्युलन्स आजाऱ्यांसाठी असते. माझ्या निरोपाला मी स्ट्रेचरवरून येणार नाही."

मग टॅक्सी बोलावून पाहिली. मागच्या दारातून ताईला आत सरकवायचा प्रयत्न झाला. पाय काही केल्या मावेना. ड्रायव्हर म्हणाला, "काच खाली करून पाय बाहेर काढला तर?" ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो भाडं न घेता गेला.

त्यानंतर ताई बोलेनाशी झाली. कार्यक्रम त्यांनी तिच्याशिवाय उरकावा, असा निरोप तिनं धाडला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बाईंनी चहा नेऊन ठेवला. तो तसाच गार झाला. आयुष्यात बाईंनी ताई चिडलेली पाहिली होती, दमलेली पाहिली होती. हिरमुसलेली पाहिली नव्हती.

बाई अंगणात आल्या आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. एक पाय सरळ पुढे केला. तो ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पाठीला अडला. ही पाठ नसती तर. त्या पुढं वाकल्या, डोकं टेकायची उशी वर ओढली. ती सबंध निघून हातात आली. सीट पुढं सरकवली. मग बाजूच्या खाचेत बोटं घालून चाचपलं. नेहमीचा खटका होता, तो ओढला आणि पाठ मागं ओढत आणली. एरवी जिथं ती थांबायची त्याच्या पुढंही ती येत राहिली, येत राहिली, आणि मागच्या गादीला येऊन अशी भिडली की दोन्हींची मिळून एक सलग बैठक झाली. बाईंनी मधल्या फटीवरून बोट फिरवलं. चांगल्या कवळीत दोन दातांमध्ये असते, तेवढीच फट.

"अहो," त्यांनी हाक मारली. "बाहेर या, आणि सरळ पाय करून बसा."

मास्तर पुस्तक घेऊनच आले. "असं काही मी अजून वाचलेलं नाही."

"पुढं येईल. बसा तुम्ही."

प्लास्टर म्हणजे बाईंचा रोजचा धंदा आणि माप म्हणजे हातचा मळ. त्यांनी टेप आणून ताईच्या पायाचं माप घेतलं. ताईनं विचारलंही नाही कशासाठी. मग त्यांनी मास्तरांच्या पायाला तेवढ्याच लांबीची फळी टॉवेलांनी गुंडाळून बांधली, त्यांना मागं बसवलं, पट्टा लावला, टाचेखाली उशी दिली आणि चार गल्ल्या फिरवून आणलं. एरवी मास्तर गाडीत बसले की वळणावळणाला पायानं नसलेला ब्रेक दाबायचे. त्या दिवशी पाय बांधलेला, त्यामुळे तीही सोय नव्हती.

"कसं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"पायाला काही झालं नाही," मास्तर म्हणाले. "आणि तू चालवतेस बरी."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी बाई ताईच्या खोलीत गेल्या आणि कपाटातून तिचा पांढरा गणवेश काढून पलंगावर ठेवला. "ऊठ, तयार हो. गाडी काढलीय."

"पाय काय खांद्यावर घेऊ?"

"पायाची जागा केलीय. मास्तरांवर प्रयोग करून झालाय."

ताईनं गणवेशावरून हात फिरवला. मग म्हणाली, "गणवेशाला इस्त्री नाही."

"सकाळीच केलीय."

मास्तरांनी खांद्याला धरलं, बाईंनी पाय सावरला, आणि ताई मागच्या सीटवर टेकून, पाय सरळ पसरून, राणीसारखी बसली. घडीची चाकांची खुर्ची बाईंच्या सीटमागं गेली. मास्तरांना जागा उरली नाही. ते फाटकात उभे राहून हात हलवत राहिले.

ताईनं पहिली दोन वळणं दात आवळून काढली. तिसऱ्या वळणानंतर तिनं पट्ट्यावरची मूठ सैल सोडली. बाईंनी ते आरशातून पाहिलं.

हॉस्पिटलच्या दाराशी जायला चढाचा रस्ता होता. चढाच्या मध्यावर पुढची गाडी थांबली, बाईंनी गिअर काढला, हँडब्रेक ओढला, आणि इंजिन बंद झालं. मागून एका मोठ्या गाडीनं हॉर्न दिला. चौकीदार धावत आला. आत आडवा पसरलेला पाय बघून त्याचा गैरसमज झाला. "अपघात विभाग डावीकडे आहे, बाई."

ताईनं काच खाली केली. "मी पेशंट नाही. टोपी सरळ कर."

त्यानं टोपी सरळ केली आणि मग त्याला ती ओळखू आली. तो दोन पावलं मागं सरून उभा राहिला.

"छोटे, बंद पडली का गं?" ताईनं हळूच विचारलं.

"नाही. दम खातेय. तिची सवय आहे." बाईंनी क्लच दाबला, इंजिन गुरगुरलं, आणि गाडी एक बोटभरही मागं न घसरता चढ चढून गेली. पोर्चमध्ये नर्सेस दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. बाईंनी गाडी बरोबर पायऱ्यांशी लावली.

सभागृहात भाषणं झाली. ताईला मानणारे, तिला घाबरणारे आणि तिच्यामुळे नोकरीत टिकलेले, सगळे बोलले. बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. शेवटी ताईच्या हातात माइक दिला. ती हॉस्पिटलबद्दल थोडं बोलली, बरोबरीच्यांची नावं घेतली. मग शेवटच्या रांगेकडे बोट केलं.

"ती मागं बसलीय, ती माझी धाकटी बहीण. तुमच्या कितीतरी पेशंटचे दात तिच्या हातचे आहेत. तिनं गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मी म्हटलं, तुला जमायचं नाही. माझे अंदाज फार कमी वेळा चुकले, हे तुम्हाला माहीत आहे. आज मी त्यातल्या एका चुकीत बसून इथं आले. आणि फार आरामात आले."

हसू पसरलं, माना मागं वळल्या. बाईंना हात कुठं ठेवावेत कळेना. त्यांनी ते मांडीवर ठेवले, आणि मान मात्र खाली घातली नाही.

परतताना ताईनं नदीकाठचा लांबचा रस्ता घ्यायला सांगितलं. संध्याकाळचं ऊन पाण्यावर होतं. फुलांचे गुच्छ तिच्या पसरलेल्या पायाशेजारी ठेवलेले, आणि ती डोकं टेकून बाहेर पाहत होती.

"छोटे," ती म्हणाली, "उद्या वेळ आहे का?"

"सकाळी दोन दवाखाने आहेत. मग मोकळी."

"मग मलाही घेऊन चल. घरात बसून कंटाळा येतो. मी दात धरून बसेन."

फाटकात मास्तर शेजाऱ्यांना घेऊन उभे होते. बाई इंजिन बंद करून उतरेपर्यंत त्यांचं सांगणं चालूच होतं, आणि आवाज वर्गात पाढे शिकवतानाचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "अॅम्ब्युलन्स नको, टॅक्सी नको. आमच्या हिनं नेलं. चढावरून नेलं. एकटीनं."