वाईनमधले मीठ कुठून आले

समुद्रकाठच्या मळ्यातल्या द्राक्षांची वाईन खारट लागते, असे म्हणतात. ते मीठ खरोखरच वाईनमध्ये असते का, एवढाच प्रश्न मला सोडवायचा होता. त्यापायी रविवारची एक दुपार आणि बराचसा संयम खर्ची पडला.

प्रश्न मुळात माझ्या भाचीचा. ती मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात वाढपाचे काम करते. वाईन वाढणाऱ्यांच्या तुकडीत जाण्यासाठी तिला सोमवारी तोंडी परीक्षा द्यायची होती आणि तीत एका फ्रेंच वाईनची चव सांगायची होती. ही वाईन पांढरी आणि ड्राय. ड्राय म्हणजे जिच्यातली साखर आंबताना जवळजवळ संपून गेली आहे, गोडवा उरलेला नाही अशी. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एका खाऱ्या सरोवराच्या काठी पिकपूल नावाची द्राक्षे होतात, त्यांची ती करतात. वर्गात सगळ्यांना ती खारट लागली. भाचीला लागली नाही. आमच्या घराण्याची भाईंदरला मिठागरे होती, हे तिने कधीतरी सांगितलेले. शिकवणारे साहेब हसून म्हणाले, "मिठागरवाल्यांना मीठ कसं कळणार?"

वर्गातली उरलेली अर्धी बाटली घेऊन ती शनिवारी घरी आली. "आत्या, माझी जीभच बाद आहे का? तसं असेल तर मी परीक्षेला बसतच नाही."

मी निवृत्त विज्ञानशिक्षिका. जिभेवर ठपका ठेवण्याआधी प्रयोग करायला हवा, असे मी तिला सांगितले. तुलनेसाठी समुद्रापासून दूरची वाईन हवी होती, म्हणून नाशिककडची पांढरी ड्राय वाईन आणायला मी स्वतः भाईंदर पश्चिमेच्या दुकानात गेले. काउंटरवर माझा जुना विद्यार्थी निघाला.

"बाई, तुम्ही?"

"प्रयोगासाठी हवी आहे."

"सगळे तेच सांगतात, बाई," म्हणत त्याने बाटली कागदात गुंडाळून दिली.

प्रयोगाचे नियम मी वहिनीला, म्हणजे भाचीच्या आईला, समजावले. प्रत्येकापुढे तीन सारखे ग्लास: दोहोंत वाईन, तिसऱ्यात चूळ भरायला प्यायचे पाणी. कोणत्या ग्लासात कोणती वाईन, हे फक्त ओतणाऱ्या वहिनीला ठाऊक असेल. ग्लासांना साबणाचा वास नको आणि फडक्याचे तंतूही नकोत. नुसते विसळून, सरळ उभे ठेवून, गच्चीवर उन्हात वाळवावेत. वहिनीने हे सगळे अक्षरशः पाळले. नियमात नव्हते तेवढे एक मात्र तिने स्वतःच्या बुद्धीने केले. दोन्ही बाटल्या बर्फाच्या खणात ठेवल्या. अति थंड पदार्थाची चव जिभेला नीट कळत नाही, म्हणून आम्हाला ताटकळत बसावे लागले. तेवढ्यात माझा भाऊ, भाचीचा बाप, दादा खाऱ्या दाण्यांची वाटी घेऊन आला. ती मी काढून घेतली.

"दारू, नि दाने न्हाय? ही शाळा हाय का घर?"

"थोडा वेळ शाळाच समज, दादा."

अखेर चव घेतली. दादा म्हणाला, "पयली खारी हाय." मग दुसरा ग्लास संपवून, "दुसरी बी खारी हाय. तुजा प्रश्न काय व्हता?"

भाचीचा चेहरा मात्र उजळला. "मलाही लागतंय, आत्या! खारट लागतंय."

त्या क्षणी गप्प बसणे सोपे होते. पण नाशिकच्या द्राक्षांना समुद्र कुठला? मी तिसऱ्या ग्लासातल्या पाण्याने चूळ भरली. तेही किंचित मचूळ लागले. ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, तर काठाला आणि तळाला पांढुरकी कडा दिसली.

"वहिनी, ग्लास कोणत्या पाण्यानं विसळलेत?"

"बोअरच्या. गोडं पाणी मोजकं येतं, ते काय ग्लासांना घालू?"

दादा पोट धरून हसू लागला. "खारं पानी घेतलं, उनात ठेवलं, मीठ काढलं. आपल्या बापानं जलमभर दुसरं काय केलं?"

मला हसू आले नाही. बाष्पीभवनाचा धडा मी किती तुकड्यांना शिकवला होता, आणि ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. भाचीचा आनंद मावळला होता, आणि फ्रेंच बाटलीत जेमतेम दोन घोट उरले होते.

स्टीलच्या दोन वाट्या प्यायच्या पाण्याने धुऊन कोरड्या पुसल्या. भाचीने पाठ फिरवली, वहिनीने दोन्ही वाईन ओतल्या. भाचीने दोन्ही चाखल्या, मग एका वाटीतला घोट बराच वेळ तोंडात घोळवला.

"ही फ्रेंच. आंबट आहे, लिंबाच्या सालीसारखी. तोंडाला पाणी सुटतंय. पण खारट नाही."

वाटी तिने बरोबर ओळखली होती. मीठ लागल्यावरही तोंडाला असेच पाणी सुटते. कदाचित म्हणूनच लोक या आंबटपणाला खारटपणा समजत असावेत. समुद्राचा वारा तिथला उन्हाळा थोडा सौम्य करतो, त्यामुळे द्राक्षांतली आंबट चव टिकते, असे सांगतात. म्हणजे वाईनला समुद्राने घडवले, हे खरे. मीठ घालून नव्हे.

सोमवारी भाचीने परीक्षेत हेच सांगितले. साहेब म्हणाले, "पाहुण्यांना खारट ऐकायला आवडतं," आणि तिला पुढच्या खेपेला बसायला सांगितले. तिने उत्तर बदलले नाही. घरी येऊन म्हणाली, "जीभ बाद नाहीये ना, मग बसेन परत." मला मात्र संताप आवरेना, साहेबांचा आणि माझ्या ग्लासांचाही.

एक जीभ आणि एक वाटी हा पुरावा पुरेसा नाही, हे मला मान्य आहे. म्हणून वाचकांना विनंती: किनाऱ्यावरची एक आणि आतल्या प्रदेशातली एक अशा दोन ड्राय वाईन घ्या. ग्लास गोड्या पाण्याने धुऊन पुसा, त्यांतून आधी नुसते पाणी पिऊन पाहा, ओतण्याचे काम दुसऱ्याला द्या आणि खारे दाणे दूर ठेवा. मग स्वतः चव घेऊन माझे उत्तर तपासा.