पाठ फिरवून बसलेली आत्या

आत्याच्या चपला पायांत कमी आणि हातात जास्त असत. गावाबाहेर पडली की ती त्या काढी, एकमेकींवर आपटून धूळ झाडी आणि काखेत मारी. पुढच्या गावाची पहिली वाडी दिसली की पुन्हा पायांत घाली. "रस्त्याला काय दाखवायच्यात? माणसांत जाताना हव्यात," असे ती म्हणे. एक जोड तिला वर्षानुवर्षे पुरे. तळपाय मात्र ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकासारखे झाले होते.

ती बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला आणि ती मुरुडला आमच्या वाडीत परत आली, ती कायमची. बाबा मुंबईस नोकरीला, म्हणून माड, पोफळी, शिंपणे, गडीमाणसे सगळे तिच्या अंगावर. गड्यांवर तिने आवाज चढवला की रस्त्यावरची माणसे थांबून पाहत. स्वतःसाठी मात्र तिने कधी काही मागितलेले मला आठवत नव्हते. पानात मीठ वाढायचे राहिले तर ती तशीच जेवून उठे. आईच्या नंतर लक्षात येई. "वन्सं, सांगायचं नाही का?" "असू दे गो. जेवले ना मी?"

मी तर कुणाशीच बोलत नसे. मुंबईला इंग्रजी शाळेत जायची. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, आणि परक्या माणसांपुढे दोन्हींपैकी एकही नाही. एका सुट्टीत शेजारच्या मुंजीला वाढणारा माझे पान चुकवून पुढे गेला. पंगत उठेपर्यंत मी रिकाम्या पानापुढे मांडी घालून बसून राहिले. समोरच्या ओळीतून आत्या हे पाहत होती.

त्याच उन्हाळ्यात बाबांची आफ्रिकेतली नोकरी पक्की झाली. आई त्यांच्याबरोबर जाणार होती आणि मला जूनपासून शाळेच्या वसतिगृहात ठेवायचे ठरले होते. ओटीवर हे बोलणे चालले असताना आत्या सुपाऱ्या निवडत होती. हात न थांबवता तिने विचारले, "तिथं हिचं पान कोण बघणार?"

"शिकेल हळूहळू," बाबा म्हणाले.

"हळूहळू म्हणजे उपाशी राहून." तिने सूप बाजूला ठेवले. "हिच्या माडाला पहिला नारळ धरलाय. तो हरेश्वराला पोचवायचाच आहे. हिला घेऊन मी चालत जाते."

आमच्या घरात मूल जन्मले की एक माड लावीत. त्याचा पहिला नारळ त्या मुलाने स्वतःच्या खांद्यावरून हरिहरेश्वराला न्यायचा आणि देवापुढे ठेवीपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. माझा माड आत्याने लावला होता. उन्हाळ्यात ती त्याला स्वतःच्या हाताने पाणी घाली. ते काम कुठल्या गड्याला करू देत नसे.

"एवढीशी पोर चालेल का पण?" बाबा म्हणाले.

"तोंड चालत नाही म्हणून पायही चालत नाहीत की काय?"

जुन्या लुगड्याची तिने माझ्या मापाची पडशी शिवली. तिच्या एका टोकाला माझी चादर आणि परकर-पोलके, दुसऱ्याला दशम्या आणि शेंडी ठेवून सोललेला तो नारळ. चालताना नारळ पुढून छातीवर आपटे. राजपुरीला होडीत बसलो, खाडी ओलांडून दिघीला उतरलो आणि उन्हे चढायच्या आत टेकाड चढू लागलो. आत्याने माझ्याही चपला काढायला लावल्या. पाय भाजले, की ती करवंदीच्या जाळीपाशी थांबे आणि मूठभर करवंदे हातावर ठेवी. ओझे घेऊ का, असे तिने एकदाही विचारले नाही. चालता चालता म्हणाली, "रात्रीची जागा तू मागायचीस हं. मी तुझ्याबरोबर आलेली बाई. मला काही ठाऊक नाही."

मला वाटले, ती थट्टा करते आहे.

दिवस कलला तेव्हा आम्ही एका लहानशा गावात पोचलो. पहिल्याच घरापुढे एक म्हातारी सुकत घातलेली मासळी गोळा करीत होती. आत्या अंगणाबाहेरच्या दगडी गडग्यावर जाऊन बसली, तीही आमच्याकडे पाठ फिरवून. मी अंगणात उभी राहिले.

"काय गो पोरी, कुनाची तू?"

मी पडशीचे टोक मुठीत धरले.

"पानी पायजे? वाट चुकलीस?" म्हातारीने गडग्याकडे पाहिले. "ओ बाय, ही मुकी हाय काय?"

"मुकी नाही," आत्या वळून न बघता म्हणाली. "तिचं ती सांगेल."

"कसली गो तू बाय! पोर उबी उबी सुकली!" म्हातारीने पुढे होऊन माझ्या खांद्यावरची पडशी काढून घेतली. आतला नारळ हाताला लागला तशी ती खुलली. त्या बाजूला पाहुणा यजमानाच्या चुलीसाठी नारळ घेऊनच येतो. "आनलास व्हय? बरा झाला. घरान खोबरा नव्हता, कालवनाला व्हईल."

ती दारातल्या पायरीवर बसली आणि तिने कोयता उचलला. मी आत्याकडे पाहिले. तिने आता मान वळवली होती. नारळ कुणाच्या हातात आहे हे तिला स्वच्छ दिसत होते. एका शब्दाने काम झाले असते. गडग्याची कड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, ओठ मिटले होते, आणि ती तो शब्द बोलत नव्हती.

कोयता वर गेला.

"तो फोडू नका! तो हरेश्वराचा आहे. माझ्या माडाचा आहे. तो खाली पण ठेवायचा नाही. आणि आम्हाला आज तुमच्याकडे झोपायचं आहे आणि मला भूक लागली आहे!"

म्हातारीचा हात तसाच राहिला. "आगो माय! येवरा सगला पोटान व्हता, नि गप उबी व्हतीस व्हय?" तिने नारळ कपाळाला लावला आणि आत नेऊन शिंक्यात ठेवला. आत्या गडग्यावरून उतरली. पायांत चपला घालून ती अंगणात आली.

पुढे वाटेत मी तिला विचारले, "नारळ फुटला असता तर?"

"माडाला पुन्हा नारळ येतात. तुझ्या शाळेला चार दिवस राहिलेत." थोडे चालून गेल्यावर ती आणखी एवढेच म्हणाली, "मला कुणी विचारलं नाही, नि मी कधी सांगितलं नाही. झालं तेवढं पुरे."

नारळ मी माझ्या हाताने हरेश्वरापुढे ठेवला.

वसतिगृहात पहिल्या संध्याकाळी जेवताना सूपचे भांडे माझ्यापर्यंत पोचलेच नाही. मी हात वर केला. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

मोठी झाल्यावरही मी सुट्टीत मुरुडला जात असे. एका मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या आगबोटीने परत निघाले होते. आत्या बंदरावर आली होती. तिचे केस पांढरे झाले होते आणि चपला काखेत होत्या. आगबोटीकडे नेणारा आमचा पडाव किनाऱ्यापासून सुटला तशी ती एकाएकी गुडघाभर पाण्यात उतरली आणि गड्यांना हाक मारायच्या त्या आवाजात ओरडली, "दिवाळीला ये गो! काम असलं तरी ये! मला हवी आहेस!"

पडावातली माणसे हसली. आत्याने स्वतःसाठी मागितलेली मी ऐकलेली ही पहिली गोष्ट, आणि शेवटचीही. पुढच्या उन्हाळ्यात ती राहिली नाही.

त्याआधी, तिने बोलावलेल्या त्या दिवाळीला मी गेले. रेवदंड्याची खाडी ओलांडून तिथून पायी गेले. नांदगाव मागे पडले, मुरुडची पहिली वाडी दिसली, तेव्हा मी थांबून चपला पायांत घातल्या. आमच्या गडग्यावर आत्या बसली होती. तिचे तोंड रस्त्याकडे होते.