फौजदारीण वहिनी आणि मास्तरांच्या गाडीचा स्क्रू

आमच्या गल्लीत आठवडाभर एकच बातमी फिरतेय, की शेजारच्या वहिनींनी नवऱ्याला गॅरेजमधून हाकलून दिलं आणि आता पाटीवर स्वतःचं नाव रंगवून घेणार. बातमी खोटी आहे. मला खात्रीनं माहीत आहे, कारण पहिल्यांदा पसरवली ती मीच. नवरा म्हणजे मिस्त्री, ते आपल्या पायांनी बहिणीकडे राहायला गेले होते आणि पाचव्या दिवशी आपल्याच पायांनी परत आले, कारण तिथे मेहुणे घोरतात. पाटीचं म्हणाल तर तिच्यावरचं नाव आधीही कुणाला वाचता येत नव्हतं. मिस्त्री पूर्वीसारखेच गॅरेजात बसतात, फक्त वहिनींच्या कोपऱ्याकडे पाठ करून.

पण जे झालं ते हाकलण्यापेक्षा वाईट होतं, आणि ते मी दारातल्या जुन्या टायरवर बसून डोळ्यांनी पाहिलं.

वहिनींना गल्लीत फौजदारीण म्हणतात. नाव मीच ठेवलं. लग्नाआधी त्या स्क्रूच्या कारखान्यात होत्या, तपासणीच्या टेबलावर. समोरून स्क्रू सरकत जायचे आणि वाकडा दिसला की बोटाच्या टिचकीनं तो बादलीत. आठ वर्षं बाईनं फक्त नापास केलं. त्याच नजरेनं मिस्त्रींना पसंत कसं केलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता, भावजी."

गॅरेजात त्या आल्या त्या एका स्क्रूमुळे. जुन्या मोटरसायकलींच्या इंजिनाच्या झाकणाला फुलीच्या खाचेचे स्क्रू असतात. वीस-पंचवीस वर्षं तापून निवून ते झाकणाला असे चिकटतात की जणू तिथेच उगवलेत. त्यात बाजारातला साधा स्क्रू ड्रायव्हर त्या खाचेत बसल्यासारखा वाटतो, पण बसत नाही. टोक तळाला टेकत नाही, जोर दिला की वर उसळतं आणि जाताना खाच खाऊन जातं. मिस्त्रींचा हात आडदांड. सकाळभर एका स्क्रूला शिव्या घालून ते जेवायला गेले. वहिनींनी टोकाला व्हॉल्व्ह घासायची खरबरीत पेस्ट लावली, ठोकला की आपोआप वळतो तो ड्रायव्हर खाचेत सरळ धरला आणि हातोडीचा एकच टोला दिला. स्क्रू सुटला. मिस्त्री दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला म्हणाले, "मी आधी ढिला करून ठेवला होता म्हणून."

तेव्हापासून अडलेले स्क्रू वहिनींकडे. कोपऱ्यात एक खोकं, त्यावर जुनी चादर, वर दिवा. आणि कामाला हात लावण्याआधी तीन प्रश्न: कुणी, कशानं, किती वेळा. उत्तरं मोठ्यांदा द्यायची, गॅरेजात असतील नसतील त्या सगळ्यांसमोर. बँकेतला एक साहेब येऊन हळूच म्हणाला, "सुरीनं." वहिनी म्हणाल्या, "ऐकू नाही आलं." तो म्हणाला, "जेवणाच्या सुरीनं." त्या म्हणाल्या, "आणि जेवलात कशानं, पान्यानं?" एक धिप्पाड गडी तर बायकोचा भुवया कोरायचा चिमटा वापरल्याचं सांगताना रडकुंडीला आला होता. हसून हसून माझं पोट दुखायचं. वहिनी स्वतः कधी हसत नसत.

लोकांना वाटायचं बाईला माणसं सोलायची हौस आहे. हौस होतीच, मी नाही म्हणत नाही. पण त्यामागे कामही होतं. खाच सुरीनं गेली असेल तर ब्लेडनं नवी पाडता येते. हातोडीनं ठोकला असेल तर डोकं फुगलेलं असतं. कुणी आत डिंक ओतला असेल तर आधी शेकावं लागतं. खोटं बोललात तर चुकीची रीत वापरली जाणार आणि झाकण जाणार. जुन्या गाडीचं झाकण आता मिळत नाही.

तर मास्तर. वय एकाहत्तर, उजवा हात जरा थरथरतो. त्यांची मोटरसायकल त्यांच्या मुलापेक्षा मोठी आहे, आणि मुलाचं तिच्याशी थोरल्या भावंडासारखंच पटत नाही. क्लचचं काम निघालं म्हणून मास्तरांनी गाडी मिस्त्रींकडे सोडली. चार दिवसांनी मिस्त्रींनी मुलाला बोलावून दाखवलं: झाकणाचे नऊ स्क्रू निघालेत, दहाव्याच्या डोक्यात खड्डा. म्हणाले, "आली तेव्हाच असा होता. वडिलांनी घरी हात मारलेला दिसतोय. म्हातारपणी हौस, दुसरं काय." मी हसलो. बाहेर जाऊन आणखी चौघांना सांगितलं, त्यांनाही हसवलं.

मुलाला एवढं पुरे होतं. तो मास्तरांना माझ्यासमोर म्हणाला, "तुमचा हात तुमच्या ताब्यात नाही, बाबा. आज स्क्रू, उद्या ब्रेक. वहिनी म्हणाल्या की तुम्हीच बिघडवलाय, तर रविवारी भंगारवाला येऊन घेऊन जाईल." मास्तरांनी मान डोलवली. गाडी गेली की मास्तर मुलानं नेलं तरच कुठे जाणार, आणि मुलगा नेत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी वहिनींनी दिवा लावला आणि भिंग घेऊन वाकल्या. मास्तर स्टुलावर, मुलगा उभा, मिस्त्री कार्बोरेटर पुसत होते, तोही आधीच पुसलेला.

"कुणी?" वहिनींनी विचारलं.

"बाबांनी," मुलगा म्हणाला.

"तोंड बाबांनाही आहे."

मास्तर म्हणाले, "मी फिरवला होता मागच्या महिन्यात."

"कशानं?"

"घरच्या स्क्रू ड्रायव्हरनं."

"किती वेळा?"

"दोनदा. मग मनगट दुखलं, सोडून दिला. पण मला नीट आठवत नाही हो. कदाचित जास्त वेळा असेल."

मुलगा म्हणाला, "आठवत नाही. झालं तर मग."

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सुईनं खड्ड्यातलं ग्रीस उकरून त्यांनी चिंधीवर पुसलं. आजूबाजूला जुनं तेल डांबरासारखं काळं, आणि खड्ड्यात मात्र ताजं पिवळं ग्रीस.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही याला काही केलंत?"

"हातसुद्धा लावला नाही. आला तसा ठेवला."

"नक्की?"

"आता काय शपथ घेऊ?"

"नको. हात लावला नाही ना, मग आता लावा. इथे."

त्यांनी ड्रिलमध्ये बारीक बिट बसवलं आणि मिस्त्रींना झाकणावर अंगठा दाबायला सांगितला, खड्ड्याच्या अगदी कडेला, बिट सरकू नये म्हणून. म्हणाल्या, "आत नुसता स्क्रूच असेल तर मऊ आहे, बिट सरळ खाली जाईल. घाबरायचं कारण नाही."

मिस्त्रींनी अंगठा ठेवला. न ठेवून करतील काय, सगळे बघत होते. ड्रिल फिरायला लागलं. बिट खाली येत गेलं. मिस्त्रींच्या कपाळावर घाम मी टायरवरून पाहिला. बिट खड्ड्यात टेकणार एवढ्यात ते म्हणाले, "थांब."

वहिनी थांबल्या, पण ड्रिल बंद केलं नाही. "का?"

"आत एक्स्ट्रॅक्टर तुटलाय."

एक्स्ट्रॅक्टर म्हणजे उलट्या आट्यांची खुंटी. स्क्रूला भोक पाडून ती आत ठोकायची आणि उलटी पिळायची. कडक पोलाद असतं. घाईत पिळली की आतच मोडते, आणि वरून ड्रिल लावलं की बिट तिच्यावरून घसरतं, शेजारी जे असेल त्यात घुसतं. शेजारी अंगठा होता.

"कुणी तोडला?"

"मी."

"कशानं पिळलात?"

"मोठ्या पान्यानं."

"किती वेळा?"

"एकदाच. लगेच मोडला."

"मोडला एकदा. खोटं किती वेळा बोललात?"

ड्रिल मिस्त्रींच्या नखापासून तांदळाएवढ्या अंतरावर घरघरत होतं. अंगठा काढावा तर भ्याले असं दिसणार, ठेवावा तर हे असं. वहिनींना घाई नव्हती. रस्त्यावरचे दोघे आत डोकावून उभे राहिले, त्यांनाही त्यांनी बघू दिलं.

"मुलाला एकदा," मिस्त्री म्हणाले. "तुला एकदा. मास्तरांना दोनदा."

"आणि भावजींना?"

"त्यांना काय, त्यांनी विचारलंच नाही."

हा टोला माझ्या वाट्याचा होता. मी तो घेतला आणि टायरवरून उठलो नाही.

मग वहिनींनी ड्रिल बंद केलं. बारीक पंच लावून हातोडीच्या टिचक्या मारत त्यांनी ती खुंटी आतल्या आत फोडली, तुकडे चिमट्यानं वेचले, स्क्रूचं डोकं कापलं आणि झाकण उचललं. उरलेला स्क्रू बोटाच्या पेराएवढा वर आला होता. पकडीत धरून नुसत्या मनगटानं फिरवला, तर निघाला. अडीच तास गेले. मिस्त्रींना त्या मधेमधे "दिवा धरा", "दिवा खाली" एवढंच म्हणत होत्या, आणि मिस्त्री धरत होते.

मुलगा वडिलांना म्हणाला, "चला, घरी जाऊ." चुकलं वगैरे काही नाही.

मास्तर म्हणाले, "तू जा. मी गाडी घेऊनच येतो. आणि त्या भंगारवाल्याला फोन कर, इथे उभा राहून कर, मला ऐकू येईल असा."

मुलानं केला.

त्याच दुपारी मिस्त्रींनी पिशवी भरली. जाताना म्हणाले, "चारचौघांत माझी अब्रू काढलीस." वहिनींनी विचारलं, "जेवून जाताय का जाऊन जेवताय?" बस्स, एवढंच.

मला मात्र एक गोष्ट खात होती. मिस्त्री परत आले त्या संध्याकाळी वहिनी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या, मी भिंतीपलीकडून विचारलं, "खरं सांगा वहिनी. ते बोलले नसते, तर तुम्ही ड्रिल खाली दाबलं असतं?"

त्यांनी मिस्त्रींचा सदरा झटकला, घडी घातली आणि म्हणाल्या, "दाबलं असतं. त्यांना अंगठे दोन आहेत, भावजी. मास्तरांना गाडी एकच आहे."