दिवाणावरचा मिरकरवाडा

निलेश शेट्ये होणाऱ्या सासऱ्यांना भेटायला पहिल्यांदा मांडवीत आला आणि आल्या आल्या त्याने अर्धा मिरकरवाडा जमीनदोस्त केला. बर्फाचा कारखाना आडवा झाला, विजेचे खांब तारांसकट झोपले, माड मुळासकट उपटले आणि बंदराकडे निघालेला छोटा हत्ती टेम्पो चहाच्या टपरीत शिरला. एवढा विध्वंस जिल्ह्यात कुठल्या चक्रीवादळालाही जमला नव्हता. प्राणहानी तेवढी झाली नाही, कारण माणसं अजून चिकटवायची होती.

हे सगळं निलेशने नुसतं बसून केलं. दिवाणावर चादर पसरलेली होती, उमा "बस ना" म्हणाली, तो बसला. चादरीखाली उमाच्या वडिलांनी पुठ्ठ्यातून उभी केलेली मिरकरवाड्याची गल्ली होती.

कडकड ऐकून परशुराम पावसकर आतून धावत आले. हातात चिमटा, कपाळावर भिंग.

"हा कोण?"

"बाबा, हा निलेश. मी सांगितलं होतं ना, देवरुखच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवतो."

"निसर्ग वादळ परवडलं," परशुराम म्हणाले. "ते निदान आधी कळवून आलं होतं."

परशुराम पावसकरांची सगळी नोकरी अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेली. डोंगर, बोगदे, कालवे, जे जे मोठं ते कागदावर लहान करायचं. निवृत्तीनंतर माणसं बाग करतात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. परशुरामांनी मात्र लहान करायची सवय काही सोडली नाही. बाजारातून तयार काही आणायचं नाही, हा त्यांचा बाणा. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या भिंती, उदबत्तीच्या काड्यांचे खांब, जुन्या मच्छरदाणीची जाळी आणि अंगणातली लाल माती चाळून केलेला रस्ता. घरात हरवलेली कुठलीही वस्तू आधी तिथे शोधायची पद्धत होती.

"अहो, माझी पिठाची चाळण?" उमाची आई, राजश्रीकाकू, विचारायच्या.

"बंदरावर आहे, आणतो."

लग्नाचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. निघाली ती अट. "गणपतीत ही गल्ली मंडळात मांडायची आहे. तोवर होती तशी उभी करा, मग बोलू."

निलेश दर रविवारी देवरुखहून यष्टीने यायला लागला. सासुरवाडी पदरात पडण्याआधीच त्याने तिथली गटारं बांधली. त्याने पहिल्यांदा गल्ली नीट सारवून, पुसून दाखवली तेव्हा परशुराम हताश होऊन म्हणाले, "एवढी स्वच्छ? अहो, इथे माणसं राहतात की फोटो काढायला येतात? कचरा टाका!" मग निलेशने तांदळाच्या दाण्याएवढ्या वेफर्सच्या पिशव्या कापल्या आणि एकेक करून गटारात टाकल्या. विज्ञानाच्या मास्तराला इतकं मन लावून घाण करताना पाहून उमाला भरून आलं.

अडलं ते मासळीपाशी. लिलावाच्या कट्ट्यावर बसलेल्या बायकांपुढच्या पाट्यांत काय घालायचं? शाडूची मासळी परशुरामांना पेढ्यांसारखी दिसत होती. शेवटी निलेशने राजश्रीकाकूंच्या डब्यातला जवळा चुरला आणि पाट्यांत भरला. खराखुरा, सुका, वासासकट.

परशुरामांनी वाकून हुंगलं. "आता झाला मिरकरवाडा!"

पावसकरांच्या घरात त्या वासाचं कुणाला काही वाटलं नाही. तो नसता तर शेजारी काळजीने चौकशीला आले असते. आणि आषाढात केलेली ही करामत गणपतीत कुठे जाऊन बसणार आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चतुर्थीला गल्ली मंडपात लागली. संध्याकाळी वरचे मोठे दिवे पेटले, पाट्या तापल्या आणि ऐन आरतीत धूप-कापरावर मात करून जवळा दरवळला. श्रावणापासून तोंडावर ताबा ठेवलेली सगळी मांडवी एकदम मान वळवून बघायला लागली.

मंडळाचे अध्यक्ष भागोजी आरतीचं ताट तसंच धरून आले. "देवासमोर सुकट? कुणाचं हे काम?"

निलेशने मनात हिशोब केला. आता गल्ली जाणार आणि गल्लीबरोबर लग्नही.

"आमच्या जावयाचं," परशुराम एका दमात म्हणाले.

होकार आणि आरोप एकाच वाक्यात आल्यामुळे हसावं की पळावं, हे निलेशला ठरवता येईना. उमाने मात्र त्याची बाही घट्ट धरली.

"उचला हे आधी!" भागोजी ओरडले.

"थांब रे भागोजी." गर्दीतून मैना पुढे आली. मिरकरवाड्यात मासळी विकणारी, आवाज लिलावाचा. तिने गल्लीवर वाकून बोट फिरवलं. "ही मी. खांबाला टेकून. आणि ही आमची मथुरा, माझ्या जागेत हातभर सरकलेली. खरी पण अशीच सरकते, मेली!"

"मावशी, जागेचं नाही, वासाचं चाललंय."

"मग मंडळाची वर्गणी घेताना नाक कुठे ठेवलं होतंस? आम्ही काय शेवंती विकून दिली?"

मंडप असा हसला की झांजा थांबल्या. भागोजींनी तोडगा काढला. गल्ली मंडपाबाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवायची आणि देवाच्या बाजूने पंखा लावायचा. पंख्याने वास पार नाक्यापर्यंत पोचवला आणि मग विसर्जनापर्यंत दर्शनाच्या रांगेपेक्षा जवळ्याची रांग मोठी राहिली. मिरकरवाड्यातून बायका टेम्पो करून आल्या, आपापली जागा शोधून भांडल्या, फोटो काढून गेल्या. येणाऱ्या प्रत्येकाला परशुराम छाती काढून सांगत होते, "मजुरी जावयाची, कल्पना माझी!" आणि जावई मागे उभा राहून मान डोलवत होता. 'जावई' ऐकायला मिळत असेल तर कल्पना काय, तो आडनावही द्यायला तयार होता.

लग्न मार्गशीर्षात झालं. परशुरामांनी आहेरात अख्खी गल्ली दिली. देवरुखच्या भाड्याच्या खोलीच्या दारातून ती आत गेली नाही. सध्या घरमालकाच्या गोठ्यात आहे.