चार-नऊ-त्रेपन्न

आमच्या घरात सगळ्यात जास्त दमलेलं कोण, अशी स्पर्धा लावली तर मी आणि माझे सासरे बरोबरीत सुटू. मी रिसर्च ट्रँगलमधल्या एका औषध कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासून दमते. बाबा, म्हणजे जगन्नाथ भंगाळे, वय पंच्याहत्तर, भुसावळकडचे रिटायर्ड स्टेशन मास्तर, काहीच न करून दमतात. सासूबाई गेल्यावर माझा नवरा सिद्धेश त्यांना इकडे अमेरिकेत, कॅरीला घेऊन आला. इथे गाडी चालवता येत नसली की माणसाचं पार्सल होतं. कुणी उचलून नेल्याशिवाय हलता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी मीच त्यांना गावाबाहेरच्या एका छोट्या रेल्वे म्युझियममध्ये नेऊन सोडलं. ‘टार रिव्हर अँड सदर्न’ या कधीच बंद पडलेल्या रेल्वेचे दोनेक हजार फोटो तिथे खोक्यांत पडून होते. इंजिनं, पूल, पाण्याच्या टाक्या, सिग्नल. ते स्कॅन करायचे, खाली माहिती लिहून वेबसाइटवर चढवायचे. तिथली डोरीन बाबांच्याच वयाची. तिनं त्यांना एक टेबल दिलं आणि भिंग दिलं. फोटोतला सिग्नल पाहून गाडी यायची आहे की गेली, हे बाबा सांगायचे आणि डोरीन ‘ओ माय’ म्हणायची. दर बुधवारी मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत सोडायची आणि पाचला आणायची. कुरकुर केली, खोटं कशाला सांगू? पण त्या टेबलापायी बाबा आठवड्यातून एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालायचे.

मागच्या नोव्हेंबरात म्युझियमला लॉरेटा हॅचर नावाच्या बाईंची ईमेल आली. त्यांचे वडील याच रेल्वेत ब्रेकमन होते, म्हणजे डबे जोडणं-सोडणं, ब्रेक लावणं हे त्यांचं काम. लॉरेटाबाई सहा महिन्यांच्या असताना ते अपघातात गेले. पुढे घराला आग लागली, त्यात सगळे फोटो जळाले. वडील कसे दिसायचे हे त्यांना माहीतच नाही. आईनं सांगितलेली एकच खूण ठाऊक होती, डाव्या हाताची दोन बोटं डबे जोडताना गेली होती. आणि वेबसाइटवरच्या एका फोटोत पाण्याच्या टाकीपाशी तसाच दोन बोटं नसलेला माणूस उभा होता. ‘पण तुम्ही खाली ४ सप्टेंबर १९५३ लिहिलंय,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘माझे वडील त्याच वर्षी जुलैत वारले. तारखेची खात्री आहे का? असेल तर मी आता शोधणं थांबवते.’

बाबांनी मूळ फोटो काढून मागे पाहिलं. पेन्सिलीनं स्वच्छ लिहिलं होतं, 4-9-53. त्यांनी उत्तर टाइप केलं, ‘तारखेची खात्री आहे. हे आपले वडील नसावेत.’ घरी येऊन मला म्हणाले, “वाईट वाटलं गं. पण रेकॉर्ड ते रेकॉर्ड.” बाईंनी आभाराची एक ओळ पाठवली आणि विषय संपला.

एप्रिलमधल्या एका बुधवारी मी बाबांना घेऊन परत येत होते. चार मीटिंगा झालेल्या, डोकं भणभणत होतं. रस्त्याकडेला डॉगवूडची झाडं पांढऱ्या फुलांनी नुसती भरली होती.

“ज्ञानदा,” बाबा एकदम म्हणाले, “हे झाड सप्टेंबरात फुलतं का?”

“नाही बाबा, फक्त आत्ता. स्प्रिंगमध्ये.”

ते मैलभर झाडांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “गाडी वळव.”

“बाबा, आत्ता? म्युझियम क्लोज होईल. मला सावनीला पिक-अप करायचंय. नेक्स्ट वीक बघू ना, प्लीज!”

“त्या फोटोत टाकीच्या मागे हे झाड आहे. असंच फुललेलं.”

तरी मला कळेना. तेव्हा त्यांनी समोरच्या काचेकडे बघतच सांगितलं, “चार-नऊ म्हणजे चार सप्टेंबर नाही गं. इथे महिना आधी लिहितात. नऊ एप्रिल.”

मी गाडी वळवली. लेकीला, सावनीला, आणायला सिद्धेशला फोन केला.

महिना आधी, हे बाबांना ठाऊक नव्हतं असं नाही. तेवीस, सत्तावीस असा आकडा आला की ते बरोबर लावायचे. पण दोन्ही आकडे बाराच्या आतले असले आणि दुपारचे तीन वाजून गेले की अडतीस वर्षांच्या नोकरीत सवयीचा झालेला हात आपसूक आपल्या पद्धतीनं लिहून मोकळा व्हायचा. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हे.

डोरीन कुलूप लावायच्या बेतात होती. सगळं ऐकून म्हणाली, “मिस्टर जे, तो एक फोटो दुरुस्त करा. बाकीचं कोण बघतंय!”

“मी बघितलं ना,” बाबा म्हणाले. “आमच्याकडे रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. चुकीवर एक रेघ मारायची, खाली बरोबर लिहायचं आणि सही करायची. सगळे फोटो तपासतो. पण आधी फोन.”

फोन मी लावून देते म्हटलं, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. नंबर मोठ्यानं वाचत त्यांनी एकेक आकडा दाबला. मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की स्वतःचाच राग आला.

“मॅडम, मी भंगाळे, म्युझियममधून. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. फोटो नऊ एप्रिलचा आहे. चूक कागदाची नाही, माझी आहे.”

फोन स्पीकरवर होता. बाई म्हणाल्या, “तारीख पुन्हा सांगा.”

बाबांनी सांगितली. त्यांनी आणखी एकदा विचारली, बाबांनी आणखी एकदा सांगितली.

“म्हणजे मी तीन महिन्यांची होते,” बाई म्हणाल्या. “मी तो फोटो नंतर पाहिलाच नाही. परका माणूस म्हणून मनातून पुसून टाकला. तेव्हापासून माझी नजरही फार गेलीये. तुमच्यासमोर आहे का तो?”

“आहे.”

“कसे दिसतात?”

बाबांनी भिंग घेतलं आणि फोटोवर वाकले. मला वाटलं, देखणे आहेत, हसतायत, असं काहीतरी चांगलं सांगतील. मी असते तर तेच सांगितलं असतं.

“दमलेत, मॅडम,” बाबा म्हणाले. “फार दमलेत. ऊन पडलंय, पण हातात कंदील आहे, म्हणजे रात्रपाळी करून आलेत. जेवणाचा डबा काखेत आहे. कोटाची बटणं काढलीत. गाडीकडे पाठ केलीये त्यांनी. अशा वेळी माणूस कुठे जातो, ते मला माहीत आहे.”

“कुठे?”

“घरी. तुमच्याकडे निघालेत.”

पलीकडे बाई रडायला लागल्या. बाबांनी फोन ठेवला नाही, नुसता धरून उभे राहिले. डोरीननं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.